लेंडीची बोली

माझा आवाज मोठा आहे, हे लग्न होईपर्यंत मला कोणी सांगितलंच नव्हतं. माहेर मळ्यात. घरापासून विहीर लांब, विहिरीपासून रस्ता लांब, त्यामुळं तिथं सगळेच ओरडून बोलायचे. सासरी आल्यावर पहिल्याच दिवशी आतल्या खोलीतून मी पाणी मागितलं, तर ओसरीवर बसलेले पाहुणे दचकून उठले. सासूबाई म्हणाल्या, "हळू बोल गं बाई, हितं कुनी बहिरं न्हाई." मी हळू बोलायचा प्रयत्न केला. तो दुपारपर्यंत टिकला.

पुढं गावात सहकारी दूध संस्था निघाली आणि याच आवाजानं मला नोकरी दिली. संकलन केंद्रावर बसायला सचिव हवा होता. बारावी शिकलेला आणि गावाच्या त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असा गावात दुसरा कोणी नव्हता. संस्थेच्या चेअरमनना वाटलं, सून आहे, पदर घेऊन मुकाट बसेल. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या दुधाचा नमुना मी सगळ्यांदेखत मशीनला लावला आणि आलेली कमी फॅट मोठ्यानं वाचली. त्या दिवसापासून ते मला वहिनी म्हणताना जरा जपून म्हणायला लागले.

केंद्रावर बसलं की गावाची ऐपत समोरून चालत जाते. कोणाची मुलं किटली आणतात, कोण गड्याच्या हाती भरलेला कॅन पाठवतं, कोण चहापुरतं घरी ठेवून उरलेलं तांब्यात आणतं. घाटनांदूरच्या बाजारात कोणी काय घेतलं हे मला विचारायची गरज पडत नसे.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस रुसला तेव्हा कॅन अर्धेच भरायला लागले. गावात टँकर यायचा. दुष्काळात माणसं सदा डोक्याला हात लावून बसलेली असतात, असं बाहेरच्यांना वाटतं. मी तर टँकरच्या रांगेत जेवढी हसले तेवढी लग्नात पण हसले नाही. एकमेकींच्या हंड्यांना धक्के देत, सासवांची नक्कल करत आम्ही उभ्या असायचो. पाणी आणून घरी गेलं की मात्र हसू थांबायचं, कारण गोठ्यातलं जनावर दावणीकडं बघून आमच्याकडं बघायचं.

त्याच साली डोंगराची योजना आली. आमच्या गावाच्या मागं बालाघाटाची एक बाही उतरलेली आहे. पूर्वी तिच्यावर गुडघाभर गवत होतं, सीताफळी होत्या, आणि विहिरी माघापर्यंत भरलेल्या असायच्या, असं सासरे सांगायचे. आता तिथं मुरूम आणि खुरटी झुडपं तेवढी उरली होती. सरकारच्या योजनेतून डोंगरावर चर खणायचे, झाडं लावायची, पण दोन अटी होत्या. एक, गावानं खर्चातला आपला लोकवाटा भरायचा. दुसरी, काही वर्षं डोंगरावर चराईबंदी. एकही जनावर वर जायचं नाही.

पहिल्या अटीनं गावाची झोप उडाली. दुसऱ्या अटीनं फक्त एका घराची उडाली.

डोंगराच्या पायथ्याला एक धनगरवस्ती होती. तिथं एक मावशी राहायची. सगळं गाव तिला वस्तीवरली मावशी म्हणायचं. नवरा कधीच वारलेला, दोन लेक, दोन सुना, आणि शेळ्या-मेंढ्यांचा कळप. जमीन म्हणाल तर बसायला सावली पडेल एवढी. तिचं सगळं जितराब त्या डोंगरावर जगत होतं. डोंगर बंद झाला तर तिला कळप विकावा लागणार होता, आणि दुष्काळात कळप विकायचा म्हणजे खाटीक सांगेल त्या भावाला. ती केंद्रावर शेळीचं दूध घेऊन येत नसे, ते आम्ही घेतच नव्हतो. पण माझ्याशी दोन शब्द बोलायला रोज यायची. त्या दिवसांत ती नुसती येऊन उभी राहायची.

तेवढ्यात विद्यापीठातून दोन मुली आल्या. पाठीवर सॅक, डोक्यावर टोप्या, बोलायला गोड. त्यांना गावोगाव फिरून एक प्रश्न विचारायचा होता: तुमचा डोंगर राखायला तुम्ही वर्षाला किती पैसे द्याल? घरात पैसा जास्त येत असेल तर माणूस निसर्गासाठी जास्त द्यायला तयार होतो का, हे त्यांना बघायचं होतं. गाव दाखवायला मला सोबत दिलं. मी म्हटलं, चला, आपल्याला पण कळू द्या.

आधी आम्ही मालकांकडं गेलो. मालक म्हणजे माझे चुलत सासरे. चार भाऊ एकत्र, डोंगरापासून ओढ्यापर्यंत रान, खळ्यावर कडब्याची घरापेक्षा उंच गंज. मुलींनी प्रश्न विचारला. मालकांनी तंबाखू मळली आणि उलट विचारलं, "चेअरमननी किती सांगितलं?"

"ते आम्हाला सांगता येत नाही, काका."

"मग त्यांच्यापेक्षा एक रुपाया जास्त लिवा."

तिथून चेअरमनकडं गेलो. चेअरमन आणि मालक एका वर्गात शिकलेले. एकमेकांशिवाय दोघांना करमायचं नाही आणि एकमेकांचं बरं झालेलं बघवायचं नाही. चेअरमननी चहा मागवला, प्रश्न नीट ऐकून घेतला आणि म्हणाले, "मालक किती म्हणले? न्हाई सांगत? बरं. त्यांच्यापरीस एक रुपाया जास्त लिवा."

मुली रस्त्यावर येऊन एकमेकींकडं बघत राहिल्या. मला तर हसून हसून कडेच्या दगडावर बसावं लागलं.

मग वस्तीवर गेलो. मावशीनं बाजेवर गोधडी टाकली, मुलींना बसवलं, बिनदुधाचा गुळाचा चहा दिला. प्रश्न ऐकला आणि लगेच म्हणाली, "एक शेळी दीन."

"पैशात सांगा ना मावशी."

"पैशात कसं सांगू लेकी? पैसा असता तर पैसाच म्हणले असते की."

मुलींनी बरंच समजावलं. पैसे नाहीत म्हणजे पैशात काही सांगता येत नाही, आणि शेळी कुठं बसवावी हे त्यांना सुचेना. शेवटी त्यातली थोरली हळूच मला म्हणाली, "मॅडम, शून्य धरावं लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यांनी एक रुपया जास्तीच्या गमजा मारल्या ते दोघं दानशूर, आणि जिचं सगळं डोंगरापायी जाणार होतं ती शून्य? मी काय काय बोलले ते आता आठवत नाही, पण वस्तीवरची कुत्री भुंकायची थांबली एवढं खरं. पोरी बिचाऱ्या घाबरल्या. मावशीच मला ओरडली, "अगं, लेकरं हायेत ती. त्यांच्यावर का म्हून वरडतीस?" मग मी त्यांना घरी नेऊन जेवू घातलं आणि एसटीत बसवून दिलं. त्यांचं चूक नव्हतंच. डोक्यातलं शून्य मात्र गेलं नाही.

चारच दिवसांत लोकवाट्यासाठी मारुतीच्या पारावर बैठक बसली. आमच्या गावची रीत अशी की गावकीची कोणतीही वर्गणी उंबऱ्यावर. जेवढे उंबरे तेवढे वाटे, सगळे सारखे. देवळाचा कळस असो की जत्रेचा तमाशा, उंबरा मोजायचा आणि पैसे घ्यायचे. कोणी कधी त्यात खोट काढली नव्हती. त्याप्रमाणे याही वेळी उंबरे मोजले. मालकांच्या घरात चार भाऊ, चार चुली, आत कोण कुठं झोपतं ते त्यांनाच ठाऊक, पण दार एक. म्हणून उंबरा एक. वस्तीवर मावशी आणि दोन लेक. पत्र्याच्या तीन खोल्या शेजारी शेजारी, प्रत्येकीला आपलं दार. म्हणून उंबरे तीन.

बायका पाराच्या खाली, बाप्ये पारावर. मावशी माझ्याशेजारी बसली होती. तिचे तीन वाटे पुकारले तेव्हा तिनं नुसता पदराचा शेव बोटाला गुंडाळला. मी उभी राहिले. चुलत सासरे समोर, म्हणून पदर डोक्यावर ओढून घेतला. आवाज ओढून घ्यायला मात्र जमलं नाही.

"मामा, राग मानू नका," मी म्हटलं. "डोंगराचं पानी मुरून कुनाच्या हिरीत येनार हाय? ज्याला रान हाय त्याच्या. मावशीला हीर हाय का? तिचा डोंगर बी जानार आन् तिनंच तीन वाटे द्यायचे व्हय?"

पारावर चुळबुळ झाली. मालकांनी माझ्याकडं न बघता उत्तर दिलं, "सूनबाई, उंबरा म्हंजी उंबरा. बापजाद्यापासून गावकी अशीच चालली हाय."

"मग आपन चार दारं पाडू की मामा वाड्याला. उद्याच गवंडी बोलावते."

बायका फिदीफिदी हसल्या. चेअरमन तर एवढे खूश झाले की त्यांना ठसका लागला. पण हसण्यावर बैठक निघून जायची लक्षणं दिसायला लागली, आणि एवढ्यात मावशी उठली. तिला बैठकीत बोलताना कोणी कधी ऐकलं नव्हतं.

"डोंगर बंद करू नगा असं मी म्हनत न्हाई," ती म्हणाली. "त्याची दशा मी रोज बघते, तुमी वर जाता का कदी? बंद करा. पन माजं जितराब मला इकायचं न्हाई. पैका माज्याकडं न्हाई. देवाला नारळ चालतोय, कोंबडं चालतंय. मग डोंगराला माज्या शेळ्यांची लेंडी चालंना का?"

पुन्हा हसू फुटलं. पण या खेपेला म्हातारी माणसं हसली नाहीत. पूर्वी आमच्याकडं उन्हाळ्यात रिकाम्या रानात शेळ्या-मेंढ्या बसवायची पद्धत होती. कळप रात्रभर एका रानात बसवायचा. लेंडी, मूत सगळं मातीत जायचं, आणि ज्याचं रान तो जितराबाला कडबा अन् धनगराला ज्वारी द्यायचा. सोसायटीत खताच्या गोण्या मिळायला लागल्या तशी ती पद्धत गेली. पण दोन वर्षं पाण्यावाचून त्या गोण्यांनी पिकं जळाली होती. लेंडी मातीत ओल धरून ठेवते, हे पारावरच्या प्रत्येकाला आठवलं.

आधी बोलले ते चेअरमन. ठसका आवरून ते म्हणाले, "आठ दिवसांवर हनुमान जयंती हाय. नारळाची बोली लागतीच. त्याच्या मागनं लेंडीची बोली लावू. पयल्या रातीला मावशीचा कळप कुनाच्या रानात बसायचा, ते बोलीवर. पैसा लोकवाट्यात, मावशीच्या नावानं. बाकीच्या रातींचा कडबा मावशीचा."

एवढं बोलून त्यांनी मालकांकडं असं पाहिलं की मला त्यांचा डाव पुरता कळला.

हनुमान जयंतीच्या सकाळी पारापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. बोली पुकारणाऱ्याचा घसा बसलेला, म्हणून माइक माझ्या हातात आला. बाईनं पारावर पुकारायचं म्हणून दोघातिघांनी नाकं मुरडली, पण मी तोंड उघडल्यावर ती आपोआप सरळ झाली. नारळाची बोली झाली. मग मी पुकारलं, "डोंगरासाठी! वस्तीवरल्या मावशीच्या कळपाची पयली रात! बोला!"

पोरांनी मेंढरासारखं बें बें केलं. एका दूध घालणाऱ्यानं गमतीनं एकावन्न म्हटलं. चेअरमन म्हणाले, एकशे एक. झालं. मालकांनी तंबाखू थुंकली.

"दोनशे एक."

"तीनशे एक."

पुढं काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी ओरडत होते. चेअरमन बसल्या जागेवरून आकडा टाकायचे, मालक उठून उभे राहून टाकायचे. ज्या माणसानं चार चुलींचे चार वाटे द्यायला नकार दिला होता तो लेंडीपायी हजारावर गेला, आणि तरी थांबेना. मागून त्यांचे धाकटे भाऊ धोतर ओढत होते. दर वाढीला बायका टाळ्या वाजवत होत्या. मी तिसऱ्यांदा "कुनी हाय का वर?" म्हटलं तेव्हा चेअरमननी हात जोडले आणि म्हणाले, "मालकांचा मान. आपन न्हाई बाबा पुरत."

मालकांच्या गळ्यात हार पडला. लेंडीसाठी हार घालून घेणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. ते एवढे प्रसन्न हसत होते की मला त्यांच्यावरचा राग धरून ठेवणं अवघड गेलं. बोलीच्या पैशात मावशीचे तिन्ही वाटे फिटले, आणि पहिल्या रात्री कळप त्यांच्या रानात बसला. पहिली रात मालकांची झाल्यावर दुसरी आपल्याकडं नको असं चेअरमनना कसं वाटेल? ते कडबा घेऊन वस्तीवर गेले. त्यांच्यामागं आणखी माणसं गेली. रानांची रांग लागली. मालकांची गंज त्या उन्हाळ्यात माझ्या डोळ्यांदेखत बुटकी झाली, आणि मावशीच्या शेळ्यांची बरगडी दिसायची बंद झाली. मावशीनं एकही शेळी विकली नाही.

डोंगर बंद झाला. पावसाळ्यात रानं पेरलेली असली की मावशीचा थोरला लेक कळप घेऊन घाटाखाली जायचा आणि सुगी झाली की परत यायचा. तो आला की मालक वेशीपर्यंत जाऊन विचारायचे, "पयलं माज्याकडं ना?" लेंडी पडलेल्या रानातली ज्वारी खांद्याला लागली होती, हे ते ओळखी-अनोळखीच्या प्रत्येकाला हात धरून दाखवायचे. कडब्यासोबत ज्वारी, आणि कडबा नसेल त्याच्याकडून रोख, असा व्यवहार बसला. मी केंद्रावरून सगळं बघत होते. मावशीच्या पायात चप्पल आली. धाकट्या सुनेनं म्हैस घेतली आणि सकाळी किटली घेऊन रांगेत उभी राहिली. तिच्या दुधाची फॅट मी मुद्दाम मोठ्यानं वाचायचे.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर डोंगराकडं बघून बोटं तोंडात गेली. चरांमधून पाणी मुरलं होतं, पवना आणि मारवेल गवत कमरेला लागत होतं, सीताफळी फुटल्या होत्या. पहाटे मोर ओरडायचे, तर सासूबाई म्हणायच्या, मला वाटलं तूच केंद्रावर लवकर जाऊन वरडतीस का काय. मी चिडायचे, पण मला आवडायचं. गावानं ठरवलं की चराई बंदच ठेवायची, पण दिवाळीनंतर गवत कापून न्यायला हरकत नाही. आणि पहिला भारा बोलीवर. बोलीचा पैसा डोंगराच्या राखणदाराला.

त्या सकाळी सगळं गाव पायथ्याला जमलं. पहिला भारा कापून, बांधून, वर झेंडूचा हार घालून ठेवला होता. माइक माझ्याकडंच होता. आता त्यावर कोणी नाक मुरडत नव्हतं. मी पुकारलं. चेअरमन म्हणाले, एकशे एक. मालक म्हणाले, दोनशे एक. मग चेअरमन हसत हसत तोंड उघडणार, एवढ्यात बायकांमधून आवाज आला.

"पाचशे एक."

मी वळून पाहिलं. मावशी उभी होती. नवं लुगडं नव्हतं, नेहमीचंच होतं. हात वर करायची सवय नव्हती म्हणून तिनं तो अर्धवट खांद्यापर्यंत उचलला होता.

चेअरमन खाली बसले. मालकांच्या जिभेला सवय होती, ते बोलून गेले, "सहाशे एक." बोलल्यावर त्यांनी वळून पाहिलं, समोर कोण आहे ते त्यांना कळलं, आणि ते मिशीत हसायला लागले. "काय गं मावशे? आता तू मला नडनार व्हय?"

"सातशे एक," मावशी म्हणाली. "आन् तुमच्याच रानात मिळालेले हायेत, मालक. ते आता डोंगराला देते."

मालकांनी फेटा काढला, मांडीवर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाले, "मावशीचा मान! आपन न्हाई बाबा पुरत!" चेअरमनचेच शब्द चेअरमनना परत ऐकवल्याचा त्यांना एवढा आनंद झाला की ते सगळ्यांआधी टाळ्या वाजवायला लागले.

आता फक्त पुकारायचं राहिलं होतं. मी माइक तोंडाशी धरला. ज्या आवाजानं पाहुणे ओसरीवरून उठले होते, तो निघेना. सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. मावशी गर्दीतून पुढं आली, भारा डोक्यावर घेतला, हार तिच्या कपाळावर उतरला, आणि जाता जाता ती मला म्हणाली, "वरड की बाई. आज का म्हून गप हायस?"

मग मी ओरडले. "डोंगरासाठी! वस्तीवरल्या मावशीकडून! सातशे एक!"

डोंगरावरून ते तसंच्या तसं परत ऐकू आलं.